शेवटी येण्यासाठी सात मुली पाहिजेत

…नाही, ते सगळं राहू द्या बाजूला, होडीला पाणी लागतं की नाही, एवढंच सांगा! लागतं ना? झालं तर! म्हणजे मी अगदीच वेडा नाही. कारण गेली दोन वर्षं माझी पोरगी होडी चालवतेय आणि पाण्याचा थेंब नाही! जेसल पार्कातली एक जिम, पहिला मजला, समोर भिंत, भिंतीवर पतपेढीचं कॅलेंडर, त्यावर कुणा बाबाचा फोटो, आणि ही त्या मशीनच्या सरकत्या सीटवर बसून साखळीचा दांडा छातीपर्यंत ओढतेय, सोडतेय, ओढतेय, सोडतेय, घामानं निथळतेय… दोन हजार मीटर! आणि दोन हजार मीटर जाऊन पोरगी पोचली कुठं? तिथंच! कॅलेंडरसमोर! आमची सुगंधा, म्हणजे आमच्या सौ., पहिल्या दिवशी बघायला आल्या, दहा मिनिटं उभ्या राहिल्या आणि मला कोपरानं ढोसून म्हणतात, "अहो, निघणार कधी ही?"

खेळ आहे हो तो. इनडोअर रोइंग. खराखुरा खेळ, स्पर्धा होतात, मेडल मिळतं. हसा, हसा, मी पण हसलो होतो. पण तुम्हाला सांगतो, धंद्याच्या हिशेबानं बरोबर होतं हो!

माझा धंदा म्हणजे शांती नगरात स्टीलच्या भांड्यांचं दुकान. शिक्षण सातवी, तेही मंडणगडला, मास्तर रजेवर नसतील त्या दिवशी. पंधराव्या वर्षी भाईंदरला भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशला लागलो, मावशीकडे राहायचो, संध्याकाळी घरी गेलो की ती आधी दात बघायची, मग ओळखायची, इतका काळा. गुजराती शिकलो शेजारच्या प्लॅस्टिकवाल्या जिग्नेशभाईंकडून, हिंदी शिकलो टेम्पोवाल्यांकडून आणि इंग्रजी शिकलो मालाच्या खोक्यांवरून. 'दिस साइड अप'! हे माझं पहिलं इंग्रजी वाक्य, आणि आजवर आयुष्यात एवढं उपयोगी दुसरं वाक्य मला भेटलं नाही. तर सांगायचं काय, दुकान टाकलं तेव्हा अख्ख्या सेक्टरात सगळे कुकर विकत होते. कुकर, कुकर, कुकर! मी म्हटलं, जे सगळे विकतात ते आपण विकायचं नाही, आणि मोदकपात्रं आणली. लोक म्हणाले, हा येडा झाला, गणपती वर्षातून एकदा येतो! अहो, दोन महिन्यांत संपली. सगळी नेली गुजराती बायकांनी. मोमो करायला! तेव्हापासून मी एकच शिकलो, जिथं गर्दी आहे तिथं जायचं नाही.

आता माझी संचिता. आठवीत असताना टाऊनच्या, लोकलनं तासभर लांबच्या, एका कॉलेजात वक्तृत्व स्पर्धेला गेली होती. नाव नाही सांगत कॉलेजचं, मोठं आहे, दगडी आहे, एवढं पुरे. तिथून परत आली ती हात न धुताच ताटावर बसली. जेवताना एकदम म्हणते, "पप्पा, तिथल्या लायब्ररीत शिडी आहे." म्हटलं, शिडी दुकानात पण आहे. "तशी नाही हो, चाकांची. पुस्तकांच्या कपाटाला लावलेली. सरकते. मी तिथंच शिकणार." झालं! त्या दिवसापासून त्या शिडीनं माझ्या घरात बस्तान मांडलं. आणि त्या कॉलेजची यादी बंद होते शहाण्णव टक्क्यांना! पोरगी हुशार आहे हो माझी, पण ब्याऐंशीची हुशार आहे, शहाण्णवची नाही. दहावीला ब्याऐंशी, आणि पुढं बारावीलाही त्याच्याच आसपास राहणार हे तिलाही ठाऊक, मलाही ठाऊक. अभ्यास करून करून चष्मा लागला, टक्के तिथल्या तिथं.

आणि एक दिवस रसिका मॅडम दुकानात आल्या, नेहमीचं गिऱ्हाईक, बँकेत आहेत. इडलीपात्र बघता बघता म्हणाल्या, "आमच्या भाच्याला त्याच कॉलेजात ॲडमिशन मिळाली, एकाहत्तर टक्क्यांना." माझ्या हातातलं इडलीपात्र वाजलं! म्हटलं, कशी काय? तर म्हणाल्या, "खेळाच्या कोट्यातून. तलवारबाजी. क्रिकेटच्या दोन जागांना चारशे मुलं होती, तलवारबाजीच्या एका जागेला तिघं." चारशे आणि तिघं! डोक्यात मोदकपात्रच उभं राहिलं ना माझ्या!

दुसऱ्या दिवशी दुकान सुगंधाच्या ताब्यात दिलं आणि निघालो. मैदानं, क्लब, जिमा, सगळीकडे एकच प्रश्न. लोक विचारतात ना, यात कोण मोठे खेळाडू झाले? मी विचारायचो, "सर, यात कोण नाही?" बघत राहायचे माझ्याकडे! शेवटी जेसल पार्कच्या जिममध्ये अभिनव सर भेटले, तरुण मुलगा, पाठ अशी दुकानाच्या शटरएवढी. म्हणाले, "काका, इनडोअर रोइंग आहे. पण जिल्ह्यात मुलींमध्ये कोणीच खेळत नाही." मी म्हटलं, "बांधून द्या!"

संचिता रडकुंडीला. "पप्पा, मला बॅडमिंटन आवडतं." अगं बाई, बॅडमिंटन सगळ्यांनाच आवडतं, तेच तर वाईट आहे! धंद्याच्या हिशेबानं बरोबर होतं की नाही, सांगा!

आणि पोरगी बसली हो मशीनवर. पहिला महिना हाताला फोड, दुसरा महिना फोड फुटले, तिसऱ्या महिन्यात घट्टे पडले, माझ्या पॉलिशच्या दिवसांत माझे होते तसे. सुगंधा हळद लावायची आणि माझ्याकडे बघायची. ते बघणं कसं असतं, ज्यांचं लग्न झालंय त्यांना सांगायला नको. दोन हजार मीटरला पहिल्यांदा दहा मिनिटं लागली, मग साडेनऊ, मग नऊ. आणि काय झालं, कधी झालं, ठाऊक नाही, पण पोरीला ते आवडायला लागलं! पहाटे साडेपाचला स्वतः उठायची. जेवताना 'स्ट्रोक' आणि 'स्प्लिट' असलं काहीतरी बोलायची. कॅलेंडरवरचा बाबा रोज बघून बघून पाठ झाला तिला.

मग पहिली जिल्हा स्पर्धा. मुलींचा गट. स्पर्धक किती? एक! संचिता. बसली, ओढलं, उठली, सुवर्णपदक! तुम्हाला सांगतो, छाती अशी फुगली माझी… आता बक्षिसाच्या त्या तीन पायऱ्या असतात ना, एक, दोन, तीन, ही मधल्या उंच पायरीवर एकटी उभी. फोटोवाला म्हणतो, "शेठ, खाली खाली लग रहा है." म्हटलं, थांब. मी जाऊन दोन नंबरवर उभा राहिलो, अभिनव सरांना तीन नंबरवर उभं केलं. काय फोटो आला! फ्रेम करून गल्ल्यामागं लावला. गिऱ्हाईक विचारायचं, "शेठ, तुम्ही पण खेळता?" मी म्हणायचो, "नाही नाही, थोडक्यात हुकलं."

आता मी काय असा-तसा नाही. माल घेतल्यावर बिल बघणारा माणूस नाही मी, आधी बघतो. म्हटलं, बारावीला अजून अवकाश आहे, आत्ताच जाऊन विचारून येऊ. गेलो कॉलेजात सर्टिफिकेट घेऊन. खेळ विभागाच्या मॅडम होत्या, फार सज्जन बाई, बसा म्हणाल्या, पाणी दिलं, सर्टिफिकेट वाचलं. म्हणाल्या, "छान! या खेळाची एक जागा आहे आमच्याकडे, जिल्ह्यात पहिल्या येणाऱ्या मुलीला मिळते. स्पर्धेत किती मुली होत्या?" मी म्हटलं, "स्पर्धा कुठं होती मॅडम, हिच्यासमोर कोणी टिकतच नाही." म्हणाल्या, "म्हणजे किती होत्या?" आता खोटं कसं बोलणार? म्हटलं, "ही धरून… एक." बाईंनी चष्मा काढला. "अहो, मग पहिली पण हीच आणि शेवटची पण हीच. आमचा नियम आहे, गटात निदान आठ मुली हव्यात. नाहीतर हे सर्टिफिकेट आम्ही धरत नाही."

आठ! मोदकपात्र एकच असून चालत नाही म्हणे, शेजारी सात कुकर पण मांडलेले पाहिजेत! मी खाली मान घालून घरी आलो. संचितानं विचारलं, काय झालं? सांगितलं. म्हणाली, "म्हणजे शिडी गेली." असा आवाज, अहो, असा आवाज… मी म्हटलं, कशी गेली? सात मुलीच पाहिजेत ना? चाळीस वर्षं माल जमवतोय मी! सात मुली जमवायला काय लागतं?

पुढची जिल्हा स्पर्धा जानेवारीत. सप्टेंबरपासून लागलो. दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला पहिला प्रश्न, "घरी मुलगी आहे? वय किती?" दोन बायका निघून गेल्या हो मधूनच! एकीचा नवरा परत आला, म्हणे, "काय शेठ, काय चाललंय?" मग सुगंधा म्हणाली, "अहो, नीट पाटी तरी लावा." लावली. पुठ्ठ्यावर, माझ्या हातानं: 'रोइंग स्पर्धेसाठी सात मुली पाहिजेत. अनुभवाची गरज नाही. शेवटी आल्यास चालेल. प्रत्येक मुलीस झाकणासह पातेलं भेट.'

धंद्याच्या हिशेबानं बरोबर होतं हो! पहिला नंबर आपला ठरलेला, प्रश्न फक्त शेवटच्या सातांचा! जिग्नेशभाई म्हणाले, "महिपतभाई, मारी दीकरी ले लो, पण पसीनो नही आना चाहिए." म्हटलं, आणू नका, कुणी सांगितलाय पसीना? एक आली पातेल्यासाठी, एक आली मैत्रिणीसाठी, दोघी आल्या कारण घरी थांबल्या तर गणिताची शिकवणी होती, आणि एक आली रील बनवायला. झाल्या सहा. सहाही जणींना मी एकेकीला बाजूला घेऊन सांगितलं, "बाळा, जोर लावायची काही घाई नाही. आरामात. पोचलीस तर पोचलीस." आता हे चूक होतं का? असेल. पण मी बाप आहे, पंच नाही.

सातवी मिळेना! शेवटी ऑक्टोबरात पालीहून, इथल्याच किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातून, एक मासळीवाल्या बाई मोठा टोप घ्यायला आल्या, बरोबर मुलगी. बारावीतलीच, अंबिका. मी माळ्यावरून सगळ्यात मोठा टोप काढायला माणूस बोलवणार, तोवर ही पोर शिडीवर चढून तो एका हातात घेऊन खाली! मी एवढंच बघितलं की मुलगी आहे. वय बसतंय. बस्स! हाताकडे बघायला नको होतं का मी? चाळीस वर्षं भांड्याचा पत्रा बोटानं वाजवून सांगतो, किती गेजचा आहे, आणि समोर उभी असलेली पोर मला वाजवून बघता आली नाही!

तिची आई म्हणते, "शेट, पन आमच्या पोरीला ह्यातला काय येत न्हाय." म्हटलं, "तेच पाहिजे मावशी! काहीच यायची गरज नाही." मुलगी मशीनकडे बघते, साखळीकडे बघते, भिंतीकडे बघते आणि मला विचारते, "काका, ही होडी जाते कुठं?" म्हटलं, कुठं नाही बाळा, बसून ओढायचं फक्त. म्हणते, "मंग बरा हाय. आमच्या होडीवर ओढायचा पन असतंय आन् परत पन यायचा असतंय."

बूट नव्हते तिच्याकडे. संचितानं तिचे जुने दिले. पहिले दोन दिवस दांडा कसा धरायचा, पाय कधी ताणायचे, श्वास कधी घ्यायचा, सगळं संचितानं शिकवलं. मी म्हटलं, "अगं, कशाला इतकं? तिला शेवटी यायचंय." म्हणाली, "पप्पा, कंबर धरेल तिची चुकीचं ओढलं तर." मग काय, दोघींची गट्टी! पालीहून बसनं यायची ती, मासळी उतरवून झाली की. बर्फाच्या लाद्या उचलून आलेली असायची, इथं येऊन म्हणायची, "आज आराम हाय." तीन महिने! अभिनव सर मध्ये एकदा म्हणाले होते, "काका, त्या पालीच्या मुलीकडे बघितलंत का?" मी म्हटलं, "बघितलं ना, वेळेवर येते." मला बाकी काय हवं होतं? सातवी मुलगी वेळेवर येतेय!

आला जानेवारी. भाईंदरचा हॉल, आठ मशिनी ओळीनं, वर मोठा पडदा, पडद्यावर आठ छोट्या होड्या. शिट्टी वाजली. जिग्नेशभाईंची मुलगी पाचशे मीटरला थांबली, केस बांधले. रीलवालीनं पाचशेच्या आतच रील बनवली. बाकीच्या निवांत, मी सांगितलं होतं तशा. एक होडी पुढं, माझी! पाठोपाठ दुसरी होडी… म्हटलं, ही कोण? हजार मीटर. ती दुसरी हलेचना मागं! दीड हजार. दोन होड्या अशा नाकाला नाक लावून! मी ओरडतोय, "संचिता, ओढ!", सुगंधा ओरडतेय, "ओढ गं!", आणि तिकडून त्या मासळीवाल्या मावशी बाजारातल्या आवाजात, "अंबे, ओढ!" आता तो आवाज आणि माझा आवाज, स्पर्धा होते का? शेवटचे शंभर मीटर… तुम्हाला सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मला असं झालं की ओरडावं, 'अंबिका, जरा थांब!' तोंड उघडलं पण होतं. पण ती पोर अशी ओढत होती की… मिटलं परत.

संचिता, आठ मिनिटं चौदा सेकंद. तिची आजवरची सगळ्यात चांगली वेळ! अंबिका, आठ मिनिटं तेरा सेकंद.

एक सेकंद! अहो, एका सेकंदात माझं पातेल्याचं झाकण पण नीट बसत नाही!

मी गेलो अंबिकेकडे. धापा टाकत म्हणते, "काका, काय चुकला का?" म्हटलं, अगं, तुला सांगितलं होतं ना… आणि जीभ चावली. सांगितलंच नव्हतं! सहा जणींना सांगितलं, सातवीला सांगायची गरजच वाटली नव्हती! आणि तीन पायऱ्यांवर तिघी उभ्या, पूर्ण भरलेल्या, फोटोवाला म्हणतो, "शेठ, इस बार आपको नहीं आना पड़ेगा."

तरी मी म्हटलं, थांबा. हिला कुठं कॉलेज ठाऊक आहे? हिला तर झाकणासह पातेलं मिळालं, खूश आहे. ही अर्ज करणारच नाही, मग दुसऱ्या नंबरला जागा. मी गप्प. खोटं नाही बोललो हो, फक्त गप्प! बारावीचा निकाल लागला, संचिताला ब्याऐंशी, मी सांगितलं होतं, ब्याऐंशी! अर्जाचा शेवटचा दिवस. दुपारी जेवून दुकानात येतो तर गल्ल्यावरच्या कॉम्प्युटरसमोर दोघी बसलेल्या, संचिता टाइप करतेय, अंबिका बाजूला मार्कशीट धरून. संचिता मान वर न करता म्हणते, "पप्पा, हिची सही स्कॅन करायचीय, प्रिंटर चालू करा."

मी तिला मागं भांड्यांच्या मांडणीत नेलं. म्हटलं, "अगं, तुला कळतंय का? एकच जागा आहे. शिडी!" म्हणाली, "पप्पा, तिची वेळ माझ्यापेक्षा चांगली आहे." मी म्हटलं, एक सेकंद! म्हणाली, "मग? मला एका सेकंदानं मिळाली असती तर तुम्ही पेढे वाटले नसते?" आता याला उत्तर आहे का कोणाकडे? असेल तर हात वर करा… बघा! नाही ना! संचिता तिथंच डबे नीट लावत उभी राहिली, जे आधीच नीट लावलेले होते, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. बाहेर ती पोर मार्कशीट धरून बसलेली. काय करणार मी? केला प्रिंटर चालू. कागद अडकला, तो पण मीच काढला.

लागली यादी. अंबिका. आमची संचिता इथंच, घराजवळच्या कॉलेजात. बरं आहे कॉलेज. पुस्तकं उंचावर ठेवतच नाहीत तिथं, हाताला लागतात.

आणि एवढ्यावर संपलं असतं तर मी तुम्हाला त्रास दिला नसता! पालीहून टाऊनला रोज जायचं कसं? पहाटे प्रॅक्टिस, मग लेक्चर. त्या मावशी आल्या, हातात ही एवढी सुरमई, म्हणाल्या, "शेट, तुमीच हिला ह्यात घातला, आता तुमीच काय ते बगा." सुगंधानं सुरमई घेतली, म्हणजे विषयच संपला. सोमवार ते शुक्रवार अंबिका आमच्याकडे. जो खुराक दोन वर्षं मी माझ्या मुलीच्या ॲडमिशनसाठी आणत होतो, तोच आणतोय, अंडी, केळी, चणे. दुप्पट आणतोय, कारण दोघी एकत्र ओढतात सकाळी. हो, आमची अजून ओढते! म्हटलं, आता कशाला? म्हणते, "आवडतं म्हणून." अजून आवडतंय!

कॉलेजच्या फॉर्मवर स्थानिक पालक मी. खिडकीतला क्लार्क म्हणतो, "अंकल, रिश्ता लिखो." पेन हातात, मागं रांग. काय लिहू? शेवटी लिहिलं, काका. त्यानं ठोकला शिक्का.

आणि काल, अहो काल, दुकानात एक गृहस्थ आले, नवीनच राहायला आलेत सेक्टरमध्ये, मुलाला घेऊन. म्हणाले, "तुमचं नाव ऐकलं महिपतशेठ, खेळातून ॲडमिशन करून देता म्हणे. याला कुठल्या खेळात घालू? असा सांगा, ज्यात कोणीच नाही."

मी त्यांना बसवलं, चहा मागवला, आणि म्हटलं, "साहेब, क्रिकेटमध्ये घाला." चकित झाले. "अहो, पण तिथं तर चारशे मुलं!" म्हटलं, "असू द्या. तिथं निदान आपल्या पोराला हरवणारी पोरं दुसऱ्यांनी आणलेली असतात."